मांजराचं दार

मंगळवार, ९ तारीख

सोन्या,

तुझ्या आईचा आशीर्वाद घे. तुझं पत्र पोचलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई मला पत्रं वाचून दाखवतात, पण त्या बहिणीकडे गेल्यात, म्हणून पोस्टमनलाच दारात धरून वाचायला लावलं. त्यानं ते विजेचं बिल वाचावं तसं वाचलं. 'आई, ती पोरीला घेऊन तुझ्याकडे आली आहे का? हो की नाही, एवढंच कळव. नाहीतर मी येऊन बघतो.' शेवटचं वाक्य वाचताना तो स्वतःच एक पायरी खाली उतरला आणि पाणी न घेताच गेला.

हो की नाही. लहानपणी तुला मांडीवर घेऊन मीच सांगितलं होतं की प्रभूला लांबण आवडत नाही, हो असेल तर हो म्हणावं, नाही असेल तर नाही. तू ते बरोबर ध्यानात ठेवलंस, माझ्यावरच उलटवायला. पण मी आज कणीक भिजवताना विचार करत होते. तोच प्रभू क्रुसावर जाण्याआधी सुभेदारापुढे उभा होता, सुभेदार प्रश्नावर प्रश्न टाकत होता, आणि हा आपला गप्प. म्हणजे हो, नाही आणि गप्प, अशी तीन उत्तरं शास्त्रात बसतात. मी तिसरं देते.

ती घर सोडून गेली म्हणतोस. का गेली ते लिहीत नाहीस. पोस्टमन म्हणाला, खाली अर्धा कागद कोराच आहे.

इकडचं विचारशील तर गुडघे आहेत तिथंच आहेत. तू करून दिलेलं दार पक्कं लागतं, आणि त्यातच खाली मांजरासाठी कापलेलं छोटं दारही. मांजर इतकं जाड झालंय की त्यातून येताना पोट आत ओढून घेतं, आपल्या चर्चच्या पाळकांची बायको पहिल्या बाकावर बसताना घेते तसं. प्रभुभोजनाचा पाव अजून मीच भाजते. मंडळीची रीत तुला ठाऊक आहेच: कुणाच्या मनात आपल्याविषयी काही सलत असेल तर पिठाला हात लावायचा नाही. आधी जाऊन समेट, मग पीठ. परवाच्या रविवारी लावला हात. पुढच्याचं बघू.

हे पत्र कोण लिहितंय ते विचारू नकोस. एक हात सापडला, धरला. मला सगळी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी. कुठली मुंगी कुणाच्या घरची, कोण बघतं?

येण्याची तसदी घेऊ नकोस.

आई


बुधवार, १७ तारीख

सोन्या,

आज नर्सबाई लिहितायत. काल परतल्या, तुझं दुसरं पत्र वाचलं आणि मला विचारलं, 'आजी, पहिलं उत्तर कुणाकडून लिहून घेतलंत?' मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

'आजी, अक्षर ओळखता येतं. माणसाच्या आवाजासारखं.'

हे मला जन्मात कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, लिहिलेलं ते लिहिलेलं, जसं मीठ ते मीठ. मी आपली खूश होते की किती हुशारीनं गप्प राहिले. आणि तुझ्या पत्रात दोनच ओळी: 'चिमणीचं अक्षर आहे. हात धरून मीच गिरवून घेतलंय. रविवारी येतो दोघींना न्यायला.'

तेव्हा गप्प बसायची सोय संपली. हो. दोघी माझ्याकडे आहेत. तुझी बायको आणि तुझी मुलगी.

सूनबाई आली तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं काळीनिळी होती, वांग्यासारखी. म्हणाली, कपाटाचा खण चुकून बोटांवर बंद झाला. मी म्हटलं, 'बाई, मी सुताराची आई आहे. खण ढकलल्याशिवाय बंद होत नाही.' मग ती रडली. बाकीचं चिमणीनं सांगितलं. ते लिहून घेत नाही. तुला माहीत आहे आणि नर्सबाईंना बोटं बांधतानाच कळलंय.

मला तुझी भीती वाटते. नर्सबाई थांबल्यात. म्हणतात, हे मुलाला लिहायचं? लिहा, म्हटलं. मी पालीला घाबरते हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, त्यात काही लपवलेलं नाही. पण पाल मी जन्माला घातली नव्हती. काल मागच्या नळाशी कुणाची तरी बादली आपटली आणि मी भिंतीला चिकटले. रस्त्यावर जड पावलं वाजली की ती पुढे जाईपर्यंत माझा चमचा हवेत. सूनबाई कपडे वाळत घालायला बाहेर येत नाही, घरातच खुर्च्यांवर पसरते, आणि सगळ्या घराला ओल्या चादरींचा वास. चिमणीला पेन्सिल दिली तर ती मूठ आवळून बसते. म्हणते, 'आजी, माझ्या हातानं बाबांना सांगितलं.' मी म्हटलं, 'तुझ्या हातानं नाही गं, माझ्या डोक्यानं. ते म्हातारं झालंय.' हसली नाही.

तुझा बाप असा नव्हता. डास अंगावर बसला तर 'सरक की रे बाबा' म्हणायचा. तू कुणावर गेलास हे मी चेहरे आठवून आठवून शोधते, आणि सापडत नाही. याचीही भीती वाटते.

पाळकांकडे जाऊन आले. म्हटलं, 'या रविवारी पाव माझ्याकडून होणार नाही. मुलाच्या मनात माझ्याविषयी आहे.'

ते म्हणाले, 'मग समेट करा, आजी. येऊ दे त्याला. समोरासमोर बसा. क्षमा कितीदा करायची, तर सात वेळा नाही, सत्तर गुणिले सात वेळा, हे तुम्हाला मी का सांगायचं?'

मी म्हटलं, 'पाळकसाहेब, तितकी बोटं नाहीत हो सूनबाईला.'

त्यांनी चहाचा कप उचलला, परत ठेवला. भला माणूस आहे. फक्त आजवर त्यांना चुकून बंद झालेल्या खणाशी काम पडलेलं नव्हतं. मग म्हणाले, 'मी काय करू, सांगा.'

'रविवारी उपासना झाली की माझ्या दाराशी या. मेंढपाळ आहात ना? भाडोत्री असेल तो लांडगा दिसताच पळतो, असं गेल्याच महिन्यात तुम्ही खांबावर हात आपटून सांगितलंत.'

'येईन,' म्हणाले, पण रंग उडाला होता. आणि मी घरी येताना वाटेत थांबले. लांडगा म्हणाले होते मी. तुला.

नर्सबाई म्हणतात, पोलिसांत जा. सूनबाई नको म्हणते, तिला भीती की त्यानं तू आणखी पेटशील. तिचा भाऊ आहे, पण त्यानं दार अर्धंच उघडलं आणि अर्ध्या दारातूनच विचारपूस केली. मग उरले मी. परक्याला घरात घेतलंत तर मलाच घेतलंत, असं प्रभूनं म्हटलंय. ऐकायला गोड आहे. पण त्या परक्याच्या मागावर कोण येणार, आणि तो आपल्याच पोटचा निघाला तर काय करायचं, याचा दाखला त्यानं दिला नाही. बहुतेक ते आपल्यावर सोडलं.

पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. येऊ नकोस, सोन्या. विनवते.

आई


सोमवार, २२ तारीख

सोन्या,

कालचं तुझ्या बाजूनं तुला ठाऊक आहे. आतल्या बाजूनं काय झालं ते सांगते.

घंटा झाली तरी मी उपासनेला गेले नाही. सूनबाई आणि चिमणीला वर नर्सबाईंच्या खोलीत बसवलं. नर्सबाईंनी आतून दाराला पलंग लावला. म्हणाल्या, आयुष्यभर ओरडणाऱ्या पुरुषांना सुया टोचल्यात, आणखी एक. मी खाली, माझ्या दाराच्या आत, स्टुलावर. हातात लाटणं. मंडळीसाठी पीठ मळायचं नव्हतं, पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून घरापुरता एक पाव भाजला होता. मेजावर होता, अजून कोमट.

तू आलास ते पावलांवरून कळलं. अक्षर नाही, पण पावलं मला वाचता येतात.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू हळूच ठोकलंस. 'आई, मी आहे. उघड.' इतकं गोड म्हणालास की माझा हात खालच्या अडसराकडे गेलासुद्धा. मग सूनबाईचं आठवलं. ती म्हणाली होती, 'आधी आवाज गोड होतो, आई. त्यानंतर.' पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नव्हतं.

'नाही उघडणार,' मी म्हटलं.

'मी काय परका आहे?'

'परका असतास तर उघडलं असतं.'

'आई, थट्टा नको. तिला बोलव. बोलायचंय फक्त.'

'खणही बोलतच होता का?'

मग मूठ बसली. एकच, पण चौकट हादरली आणि वरचा चुना माझ्या खांद्यावर पडला. लाटणं हातातून सुटलं, गडगडत पलंगाखाली गेलं, आणि माझ्याकडच्या हत्यारांचा विषय तिथंच संपला.

'ठोका म्हणजे उघडेल,' तू म्हणालास. 'तूच शिकवलंयस ना?'

'ते प्रभूच्या दाराबद्दल,' मी म्हटलं. 'हे माझं आहे.'

उत्तर बरोबर होतं की नाही ठाऊक नाही. पाळकांना विचारणार आहे. घाबरलेल्या माणसाचं शास्त्र कच्चं असतं.

मग मांजराचं दार हललं. वाटलं, मांजर आलं. पण मांजर कोपऱ्यात होतं, शेपूट फुगवून. तुझा हात आत आला. अंगठ्याखाली पटाशी लागल्याची खूण, तू पहिल्यांदा स्टूल केलंस तेव्हाची; त्याच स्टुलावर मी बसले होते. हात वर वळला आणि फळीवरून चाचपत अडसराकडे निघाला. तेव्हा मला आठवलं. ती सोय तूच ठेवली होतीस. म्हणाला होतास, 'आई, कधी आत पडलीस, उठता आलं नाही, तर बाहेरून अडसर सरकवता येईल.' माझ्या काळजीनं ठेवली होतीस, आणि मी विसरले होते. तू नव्हतास विसरला.

वर चिमणी खोकली. ती घाबरली की खोकते. तू ते ऐकलंस, कारण हात भरभर चालायला लागला.

मी उठले आणि पाय उचलला. लपवत नाही. छोट्या दाराची फळी जाड आहे, तू लाकडात कंजुषी करत नाहीस. त्या फळीवर माझी टाच पडली असती तर तुझी बोटं मधे आली असती. खण आणि बोटं. हिशोब चोख झाला असता, आणि त्या क्षणी तो मला फार आवडला.

पाय वरच राहिला. दुसरा गाल वगैरे काही मनात आलं नाही, खरं सांगते. तुझी नखं दिसली. कुरतडलेली. इतकी की मांस दिसत होतं. लहानपणी तू अंधाराला भ्यायचास तेव्हा अशीच खायचास, आणि मी त्यांना कडू पाला चोळायचे. मला वाटलं, दाराच्या दोन्ही बाजूंना घाबरलेलंच माणूस आहे. फक्त एकाच्या हातात जोर आहे, म्हणून दुसऱ्यानं दार उघडायचं नाही.

मेजावरचा पाव घेतला आणि तुझ्या हातात ठेवला.

पोरानं भाकर मागितली तर कोण त्याला धोंडा देईल, असं प्रभू विचारतो. तू मागितली नव्हतीस. पण दार मागत होतास, ते देता येत नव्हतं, आणि धोंडाही द्यायचा नव्हता. घरात तेवढंच होतं.

हात थांबला. आंधळ्यानं तोंड चाचपावं तसा पाव चाचपलास. किती वेळ ते ठाऊक नाही. मग पाव घेऊन हात बाहेर गेला. दार मांजराच्या मापाचं, म्हणून कड खरवडली आणि चुरा आत पडला. बाहेर तू बसल्याचा आवाज आला, पाठ दाराला लावून. मीही आतून तशीच बसले. मधे तुझंच लाकूड.

बसले, पण आधी एप्रनची नाडी काढून अडसराला गाठ मारली, चांगली दुहेरी. कबुतरासारखं साधं व्हायला सांगितलंय तसं सापासारखं शहाणंही व्हायला सांगितलंय. कबुतराचं काम झालं होतं.

मग पाळकांचा आवाज आला. ते म्हणाले, 'चल रे, स्टेशनपर्यंत येतो तुझ्याबरोबर.' तू काय उत्तर दिलंस ते ऐकू आलं नाही. पाळकांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, तरी त्यांनी तुला गाडीत बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबले. एक कोस नेलं तर दोन कोस जावं म्हणतात. संध्याकाळी ते परत आले. म्हणाले, 'आजी, वाटेत त्यानं पाव खाल्ला नाही. नुसता धरून होता.'

प्रभुभोजन झालं नाही काल. दुकानातला पाव आणायला कुणी धजलं नाही.

तू परत येशील, हे मला कळतं. सूनबाईलाही. काल रात्रभर कुणी कपडे बदलले नाहीत.

आई


शनिवार, २७ तारीख

सोन्या,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे, म्हणून पहिली आधी.

सूनबाई आणि चिमणी आता इथं नाहीत. पाळकांनी सोय केली. कुठं, ते मला सांगू नका म्हणून मीच बजावलं. तेव्हा तू विचारलंस तर उत्तर तयार आहे, आणि या वेळी ते सरळ आहे: मला ठाऊक नाही. जाताना चिमणीनं खडू मागितला आणि मांजराच्या दारावर आतून काहीतरी लिहिलं. नर्सबाई वाचून दाखवायला निघाल्या, मी म्हटलं, नको. नुसतं हात फिरवून बघते. तिनं पुन्हा हात चालवला, एवढं मला वाचता आलं.

दुसरी. जायच्या आधी सूनबाई पोलिसांत गेली. तिचं तिनं ठरवलं. मी फक्त म्हटलं, एकटी जाऊ नकोस, आणि चप्पल घातली. टेबलामागच्या बाईनं मला विचारलं, 'आजी, सुनेच्या बोटांचं खरं आहे का? तुम्ही पाहिलीत?' सोन्या, तिथंही गप्प बसता आलं असतं. सुभेदाराची गोष्ट होतीच हाताशी. पण प्रभू स्वतःच्या जिवाबद्दल गप्प राहिला होता, दुसऱ्याच्या नाही. हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर उमगलं, जरा उशिराच.

मी हो म्हटलं. दाराबद्दल विचारलं, त्यालाही हो. त्यांनी कागद पुढे केला. माझा अंगठा इतका कापत होता की त्या बाईनं मनगट धरून टेकवला.

ते तुला बोलावतील. जाशील तेव्हा नखं खाऊ नकोस, आणि खरं सांग. तुझी आई असूनही सांगते, तुझी आई आहे म्हणूनही सांगते.

आता घरात मी आणि मांजर. पाळकांनी विचारलं, पीठ कधी मळणार? म्हटलं, त्याच्या मनात आता आधीपेक्षा जास्त असेल. मी समेटाला निघाले आहे, पण समेट व्हायला किती वेळ लागेल ते त्याच्या हातात आहे. तोवर पाळकांची बायको भाजेल. तिचा पाव विटेसारखा होतो. मंडळीच्या दातांसाठी तरी घाई कर.

आणि ऐक. नर्सबाई मान हलवतायत, तरी लिहा म्हटलंय. आता वर कुणी खोकणार नाही. दाराआड जीव आहे तो माझाच, आणि माझ्या जिवाचं काय करायचं ते मी ठरवू शकते. त्यांच्या जिवाचं ठरवू शकत नव्हते. तेव्हा एकदा दिवसाउजेडी ये. ठोक. मी विचारीन, कोण? ते मला कळावं म्हणून नाही, माझी छाती जाग्यावर यावी म्हणून. आणि नाडीची गाठ सोडीन. तिला वेळ लागेल, मी दुहेरी मारलीय आणि बोटं नीट चालत नाहीत. तेवढा वेळ बाहेर थांबलास, चौकटीला मूठ न लावता, तर उघडेन.

घाबरत उघडेन. पण उघडेन.

खाली अंगठा लावते. पोलिसांच्या कागदावर आहे तोच.